जुना जॅझ, नवा जॅझ आणि मध्ये उभा असलेला मायक्रोफोन

जॅझ ऐकतो म्हटलं की दुसरा जॅझ ऐकणारा हमखास विचारतो, जुना की नवा? जुना म्हणजे न्यू ऑर्लिन्सचा, १९२० च्या दशकातला, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन एकाच वेळी वाजणारा. नवा म्हणजे १९४० च्या दशकाच्या मध्यापासून पुढचा, सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करपासून ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनपर्यंतचा आणि त्याही पलीकडचा. हा ‘नवा’ जॅझ आता ऐंशी वर्षांचा झाला, पण वाद थांबलेला नाही. अमेरिकेतल्या संगीत-मासिकांमधून १९४० च्या दशकात यावरून कडाक्याची भांडणं झाली. नव्याच्या बाजूचे लोक जुन्याच्या चाहत्यांना ‘बुरशी आलेले अंजीर’ म्हणायचे, आणि जुन्यांच्या मते पार्कर जे वाजवत होता ते संगीतच नव्हतं. इंग्लंडमध्ये फिलिप लार्किनसारखा मोठा कवी १९६० च्या दशकात वर्तमानपत्रात जॅझची परीक्षणं लिहायचा आणि पार्करनंतर आपलं मन या संगीतात रमत नाही हे उघड सांगायचा.

नागपुरात जॅझ ऐकणारे मोजकेच. धंतोलीत आम्ही काहीजण अधूनमधून एकत्र बसतो, त्यातही हीच फाळणी आहे. एक काका आहेत, त्यांना १९३० नंतरचं फारसं काही चालत नाही. दोन तरुण मुलं आहेत, त्यांना १९५९ च्या आधीचं सगळं डब्यातून आल्यासारखं वाटतं. दोघंही मनापासून ऐकतात, म्हणून त्यांच्या आवडीचा मला आदर आहे. पण या वादात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत असं मला ठामपणे वाटतं. संगीत वाजवलं कसं, हा एक. ते टिपलं कसं, हा दुसरा. आपल्याला नेमकं काय आवडत नाही, वाजवणं की टिपणं, हे आधी सोडवून घेतलं तर आपली आवड आपल्यालाच स्पष्ट कळते. आधी टिपण्याकडे बघू, कारण तिकडे लोक सहसा बघत नाहीत.

जॅझची पहिली रेकॉर्ड म्हणून जी मानली जाते ती फेब्रुवारी १९१७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झाली. वाजवणारे न्यू ऑर्लिन्सहून आलेले पाच गोरे वादक होते. जॅझ ज्या काळ्या वादकांनी घडवला, त्यांच्यातल्या बहुतेकांना रेकॉर्डिंगची संधी त्यानंतर काही वर्षांनी मिळाली. त्या काळात मायक्रोफोन नव्हता. वादकांनी एका मोठ्या कर्ण्यासमोर उभं राहायचं, कर्ण्यातून आलेल्या हवेच्या धक्क्यानं पडदा हलायचा, पडद्याला जोडलेली सुई हलायची आणि मेणाच्या फिरत्या तबकडीवर खाच कोरली जायची. कुठेही वीज नाही, आवाज वाढवायची सोय नाही. जो जोरात वाजेल त्याला लांब उभं करायचं, जो हळू वाजेल त्याला कर्ण्याजवळ आणायचं, एवढंच काय ते ‘मिक्सिंग’.

एप्रिल १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरचा बँड इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीच्या स्टुडिओत वाजवायला गेला. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांलगत होता, गाडी आली की रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं. बँडमध्ये दुसरा कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखंच एक वाद्य, वाजवायला लुई आर्मस्ट्राँग नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा होता. त्याचा आवाज इतका दणदणीत, की ऑलिव्हरचं वाजवणं झाकोळून जायला लागलं, म्हणून त्याला खोलीत बरंच मागे उभं केलं, ही आठवण त्याच बँडची पियानोवादक लिल हार्डिन सांगत असे. ड्रमवादक बेबी डॉड्सची गत याहून वाईट. मोठ्या ड्रमच्या ठोक्यानं सुई खाचेतून उडायची, म्हणून त्याला लाकडी ठोकळ्यांवर भागवावं लागलं.

माझी भाची ड्रम शिकते. तिला मी हे रेकॉर्डिंग ऐकवलं तर तिनं अर्ध्या मिनिटात विचारलं, “मामा, यात ड्रम कुठाय?” प्रश्न अगदी बरोबर होता. शिकागोच्या नाचघरात हाच बँड ऐकला असता तर ड्रमचा दणका पोटात जाणवला असता. रेकॉर्डवर तो नाही, कारण यंत्राला तो झेपत नव्हता. आणि त्या रेकॉर्डी ऐकून पुढच्या पिढ्यांनी ठरवलं, की जुना जॅझ असा टकटक वाजतो. पुढे जुन्या शैलीचं पुनरुज्जीवन करणाऱ्या काही बँडनी ती टकटकसुद्धा निष्ठेनं उचलली. यंत्राची मर्यादा शैली म्हणून रूढ झाली.

आता खरखरीबद्दल. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या त्या काळच्या तबकड्या लाखेच्या असायच्या, पण नुसत्या लाखेच्या नव्हे. त्यात दगडाची बारीक पूड मिसळलेली असे. लोखंडी सुई खाचेत घासून खाचेच्या आकाराची व्हावी यासाठी ती पूड मुद्दाम घालत. घासणं आलं की खरखर आलीच. म्हणजे ज्या आवाजाला आपण ‘जुनेपणा’ म्हणतो तो काही प्रमाणात पहिल्या दिवसापासून तिथे होता. यातली लाख कुठून यायची? बरीचशी भारतातून. पळस, बोर आणि कुसुमाच्या झाडांवर पोसल्या जाणाऱ्या किड्यांपासून ती मिळते, आणि पळस आपल्या पूर्व विदर्भात काय कमी आहे! मुख्य उत्पादन छोटा नागपूरच्या पठाराकडचं. दुसऱ्या महायुद्धात आशियातून येणारा हा माल अडला, तेव्हा १९४२ मध्ये अमेरिकी सरकारनं रेकॉर्ड कंपन्यांच्या लाखेवर कपात आणली. शिकागो-न्यूयॉर्कच्या त्या संगीताला आपल्याकडच्या जंगलांनी अंग दिलं होतं, ही गोष्ट मला प्रत्येक वेळी जुनी तबकडी हातात घेताना आठवते.

१९२५ मध्ये मायक्रोफोन आला आणि सगळं बदललं. कर्ण्याच्या काळात दोन-अडीच हजार हर्ट्झच्या वरचे सूर फारसे पकडले जात नसत, ती मर्यादा आता पाच हजारांच्या आसपास गेली. खालच्या बाजूलाही आवाज उतरला. पियानो पियानोसारखा ऐकू येऊ लागला. ट्यूबाच्या जागी मोठं बास व्हायोलिन आणि बॅन्जोच्या जागी गिटार बसण्याची बरीच कारणं आहेत, पण मायक्रोफोन हे त्यातलं एक नक्की. कर्ण्यासमोर गिटारचा आवाज पोहोचतच नसे. आर्मस्ट्राँगनं जून १९२८ मध्ये शिकागोत ‘वेस्ट एंड ब्लूज’ वाजवलं ते मायक्रोफोनसमोर. साथीला कोणी नसताना एकट्या ट्रम्पेटनं केलेली त्याची सुरुवात ऐकताना त्या सुराचं पितळ आणि श्वास दोन्ही कळतात. पाच वर्षांपूर्वी याच माणसाला खोलीत मागे उभं केलं होतं. एकाच वादकाची ही दोन रेकॉर्डिंगं लागोपाठ ऐकली तर मी काय म्हणतोय ते कोणालाही समजेल, संगीत येत असो वा नसो.

एक अडचण मात्र मायक्रोफोननं सुटली नाही. दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांत संपायची. ही अडचण आपल्यालाही ठाऊक आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या रेकॉर्डी आठवा. तासभर चालणारा राग तीन-साडेतीन मिनिटांत बसवायचा म्हणजे काय टाकायचं आणि काय ठेवायचं, हा निर्णय त्यांना घ्यावा लागला. आर्मस्ट्राँगलाही तोच घ्यावा लागला. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी अंतराळात पाठवली, तीवर केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे आणि आर्मस्ट्राँगचं १९२७ मधलं ‘मेलँकली ब्लूज’ही आहे. दोन्ही तीन-साडेतीन मिनिटांची. जगाच्या दोन टोकांच्या दोन अव्वल कलावंतांनी एकाच मर्यादेत काम केलं. तीन मिनिटांच्या जॅझबद्दल ‘सुरू होईपर्यंत संपतं’ अशी तक्रार करणाऱ्याला मी आधी केसरबाई ऐकायला सांगतो. तीन मिनिटं आहेत म्हणूनच त्यात एकही सूर वाया गेलेला नाही.

आता वाजवण्याकडे.

न्यू ऑर्लिन्स शैलीत ट्रम्पेट किंवा कॉर्नेट चाल धरतो, क्लॅरिनेट त्याच्या वरून फिरत राहतो आणि ट्रॉम्बोन खालून आधार देतो. तिघंही आपापलं काही जागच्या जागी रचत असतात, पण एकमेकांना ऐकत. एकल वादन कमी, सामूहिक वादन जास्त. यात आनंद असतो तो तीन धागे एकाच वेळी ऐकण्याचा. ज्यांना हा जॅझ गोंगाट वाटतो ते बहुधा तिघांना मिळून एकच आवाज समजून ऐकत असतात. एकदा फक्त क्लॅरिनेटच्या मागे जावं, बाकीचं आपोआप वेगळं होतं.

आर्मस्ट्राँगनं ही घडी मोडली, तीही जुन्या शैलीच्या आतूनच. त्याचा एकट्याचा सोलो इतका ताकदीचा झाला की बाकीच्यांना मागे सरावं लागलं. त्यानंतर आला स्विंगचा काळ. मोठे बँड, लिहून काढलेली रचना, नाचणारी गर्दी, ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी. यावर मी इथे फार थांबत नाही, कारण मराठी कानाला स्विंग अनोळखी नाही. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवणारा गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट सी. रामचंद्रांच्या सोबत काम करायचा आणि १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये त्याचा ट्रम्पेट आपल्या आजी-आजोबांनी ऐकलेला आहे. सी. रामचंद्र म्हणजे राम चितळकर. नागपूरच्या शंकरराव सप्रे गुरुजींकडे ते काही काळ शिकले, आणि त्याच गुरुजींकडे वसंतराव देशपांडेही घडले. नागपूरचा जॅझशी काय संबंध, असं विचारणाऱ्याला मी हे सांगतो.

खरी फाळणी बीबॉपनं, म्हणजे नव्या जॅझच्या पहिल्या शैलीनं, केली. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात मिंटन्स नावाच्या ठिकाणी रात्री उशिरा काही वादक जमायचे. थेलोनियस मंक, केनी क्लार्क, डिझी गिलेस्पी, पुढे चार्ली पार्कर. नाचणाऱ्यांसाठी वाजवायचं नव्हतं, म्हणून वेग वाढवता आला, स्वरसंगती, म्हणजे खाली एकत्र वाजणारे सूर (कॉर्ड), गुंतागुंतीची करता आली. केनी क्लार्कनं ताल मोठ्या ड्रमवरून काढून झांजेवर नेला आणि मोठा ड्रम मधूनच अचानक ठोका द्यायला मोकळा ठेवला. हे कान देऊन ऐकलं की जुना आणि नवा जॅझ दहा सेकंदांत ओळखता येतो. जुन्यात ठेका पायाखाली असतो, नव्यात तो डोक्यावर चमचमत असतो.

बीबॉपचा लोकांना धक्का बसला, त्यामागे एक निव्वळ व्यावहारिक कारणही होतं. ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेनं मानधनाच्या प्रश्नावर रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला. सगळ्यात मोठ्या दोन कंपन्यांशी तडजोड व्हायला नोव्हेंबर १९४४ उजाडला. नेमक्या याच काळात बीबॉप पिकत होता, आणि त्याची वाटचाल रेकॉर्डवर जवळपास आलीच नाही. न्यूयॉर्कबाहेरच्या श्रोत्यानं १९४२ मध्ये स्विंग ऐकला आणि १९४५ मध्ये त्याच्या हाती थेट पार्करची रेकॉर्ड पडली. मधल्या पायऱ्या त्याला दिसल्याच नाहीत. १९४५ च्या नोव्हेंबरमधलं पार्करचं ‘कोको’ ऐका. मिनिटाला तीनशेच्या आसपास मात्रा, आणि पुन्हा तीच तीन मिनिटांची तबकडी. इतकं दाट संगीत इतक्या कमी जागेत कोंबलेलं, तेही तयारी नसलेल्या कानावर. त्या श्रोत्यांचा राग मला समजतो.

इथे आपल्या कानाची एक खास अडचण सांगायला हवी. ख्याल ऐकून वाढलेल्या माणसाला जॅझची चौकट अर्धी लगेच कळते. आधी धून वाजते, ती आपल्या मुखड्यासारखी. मग त्याच लांबीची आवर्तनं फिरत राहतात, बारा किंवा बत्तीस मापांची, प्रत्येक माप चार मात्रांचं. सोलो वाजवणारा त्या आवर्तनात विस्तार करतो आणि शेवटी सगळे मिळून धून पुन्हा घेतात. इथपर्यंत ठीक. पण आपल्याकडे तानपुरा अढळ असतो, षड्ज हलत नाही. बीबॉपमध्ये दर माप-दोन मापांना खालची स्वरसंगती बदलते आणि सोलोतला प्रत्येक सूर त्या बदलत्या जमिनीच्या हिशोबानं निवडलेला असतो. आपण स्थिर षड्ज धरून ऐकत बसलो तर पार्कर भरकटल्यासारखा वाटतो. भरकटलेला नसतो तो. जमीन सरकत असते आणि तो तिच्यावर अचूक पाय टाकत असतो.

म्हणूनच मराठी श्रोत्याला मी आधुनिक जॅझची सुरुवात पार्करपासून करायला सांगत नाही. माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ घ्यावा. मार्च आणि एप्रिल १९५९ मध्ये दोन बैठकींत ध्वनिमुद्रित झालेला. त्यातलं पहिलंच वादन ‘सो व्हॉट’. बत्तीस मापांचं आवर्तन, त्यातली पहिली सोळा मापं एकाच स्वरसप्तकात, मग आठ मापं सगळं अर्ध्या सुरानं वर, मग आठ मापं पुन्हा मूळ जागी. हे सप्तक आपल्या काफी थाटाचं आहे, गंधार आणि निषाद कोमल. आठ-सोळा मापं जमीन स्थिर असते, त्यामुळे वादकाला स्वर लावायला, थांबायला, परत यायला वेळ मिळतो. माइल्सचा सोलो ऐकताना त्यानं कुठले सूर वगळले याकडे लक्ष जातं. आमच्या बैठकीतल्या ख्यालप्रेमी मावशींना हे पहिल्या ऐकण्यात आवडलं. त्यांनी जॅझ कधी ऐकला नव्हता. कोल्ट्रेन तर पुढे थेट आपल्याकडे वळला. त्यानं नोव्हेंबर १९६१ मध्ये ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली आणि मुलाचं नाव रविशंकरांवरून रवी ठेवलं.

पण ‘काइंड ऑफ ब्लू’ आवडण्यात टिपण्याचा वाटा किती? पुष्कळ. तो न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरच्या कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत झाला. तो स्टुडिओ म्हणजे पूर्वीचं चर्च होतं, उंच छताचं. आवाज वर जातो आणि सावकाश खाली येतो. ‘सो व्हॉट’मध्ये माइल्सचा सोलो सुरू होतो त्या क्षणी जिमी कॉब झांजेवर एक ठोका देतो आणि तो बराच वेळ हवेत राहतो. १९२३ मध्ये तो ठोका रेकॉर्डवर आलाच नसता. १९४८ मध्ये लाँग प्लेइंग तबकडी आली, त्याच सुमारास स्टुडिओंमध्ये चुंबकीय टेप आली, १९५८ च्या आसपास स्टिरिओ. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली, म्हणून वादक श्वास घेऊ लागले. नव्या जॅझचा ऐसपैसपणा जेवढा वादकांच्या स्वभावातला, तेवढाच त्या तबकडीतला.

त्याच काळातला दुसरा स्टुडिओ याच्या अगदी उलट. रूडी व्हॅन गेल्डर हा दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर देणारा माणूस. न्यू जर्सीत हॅकेनसॅक गावी आई-वडिलांच्या दिवाणखान्यात तो रेकॉर्डिंग करायचा, १९५९ मध्ये त्यानं स्वतःचा वेगळा स्टुडिओ बांधला. ब्लू नोट कंपनीच्या कित्येक गाजलेल्या रेकॉर्डी त्याच्या हातच्या. तो मायक्रोफोन वाद्याच्या अगदी जवळ ठेवायचा. देशपांडे सभागृहात पहिल्या रांगेत बसून गवई ऐकणं आणि शेवटच्या रांगेत बसून ऐकणं यात जो फरक आहे, तोच व्हॅन गेल्डर आणि तिसाव्या रस्त्यावरचं चर्च यांत आहे. मला सॅक्सोफोन व्हॅन गेल्डरकडचा आवडतो, पियानो अजिबात नाही. त्याचा पियानो पेटीत कोंडल्यासारखा येतो. काहींना तोच आवडतो. ही आवडही ‘आधुनिक जॅझ आवडतो’ या तीन शब्दांत दडलेली असते, आणि ती संगीताबद्दल नाही, मायक्रोफोन किती इंचांवर होता याबद्दल आहे.

आता कोणालाही घरी करता येईल असा एक प्रयोग. वाजवणं आणि टिपणं वेगळं करायचं. जुनी शैली जुन्या यंत्रावर, म्हणजे ऑलिव्हरचं १९२३, हे आपण पाहिलंच. आता जुनी शैली नव्या यंत्रावर ऐका. न्यू ऑर्लिन्समध्ये प्रिझर्व्हेशन हॉल नावाची जागा १९६१ पासून आहे, तिथल्या बँडची अलीकडची रेकॉर्डिंगं स्वच्छ आहेत, ड्रम पोटापर्यंत येतो. मग नवी शैली जुन्या यंत्रावर. १९४१ मध्ये जेरी न्यूमन नावाच्या विद्यार्थ्यानं आपलं रेकॉर्डिंगचं यंत्र मिंटन्समध्ये नेऊन गिटारवादक चार्ली ख्रिश्चनला टिपलं. आवाज खराब, मागे लोकांची कुजबूज, पण वाजवणं पुढच्या काळाचं. शेवटी नवी शैली नव्या यंत्रावर, १९५९ चा माइल्स. हे चारही प्रकार एका संध्याकाळी लागोपाठ ऐकले की खरं काय ते कळतं. धंतोलीतल्या तरुणांपैकी एकाला प्रिझर्व्हेशन हॉलचा बँड प्रचंड आवडला. त्याचं वैर जुन्या जॅझशी नव्हतंच, खरखरीशी होतं. काकांना चार्ली ख्रिश्चन आवडला नाही, यंत्र जुनं असूनही नाही. त्यांची आवड अस्सल संगीताची आहे, तीन धागे एकत्र वाजण्याची, आणि ती त्यांनी जपावी.

जुन्या शैलीची पुनर्निर्मिती मला स्वतःला नेहमी पटत नाही. इंग्लंडमध्ये १९६० च्या आसपास पारंपरिक जॅझची मोठी लाट आली, ठरावीक पोशाखातले बँड आले, गाणी यादीत वर चढली. त्यातलं बरंच वाजवणं नीटनेटकं आणि निर्जीव आहे. आर्मस्ट्राँगनं १९२८ मध्ये धोका पत्करून जे केलं ते तीस वर्षांनी पाठ करून वाजवलं की त्यातला धोका जातो, आणि तोच तर त्याचा प्राण होता. आपल्याकडे घराण्याची नक्कल आणि घराण्याचं गाणं यात फरक करणाऱ्या श्रोत्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

नागपूरकरांसाठी एक गोष्ट विशेष. मार्च संपला की घराघरांत कूलर लागतो आणि जून उजाडेपर्यंत तो बंद होत नाही. कूलरचा घरघराट खालच्या आणि मधल्या सुरांत पसरलेला असतो. ‘काइंड ऑफ ब्लू’मधला पॉल चेंबर्सचा बास, बिल एव्हान्सच्या पियानोचे हलके सूर, ब्रशनं वाजवलेला ड्रम, हे सगळं त्या घरघराटाखाली बुडतं. आधुनिक जॅझ ‘थंड, काहीच घडत नाही’ असं मे महिन्यात ठरवणाऱ्यानं डिसेंबरातल्या रात्री, सगळं बंद करून, तेच पुन्हा ऐकावं. उलट आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट कूलरला भेदून येतो. ज्या तीव्र, मधल्या-वरच्या पट्टीवर जुन्या रेकॉर्डिंगची सगळी भिस्त होती तीच पट्टी गोंगाटात टिकते. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवरही म्हणूनच १९२७ चांगलं वाजतं आणि १९५९ वाजत नाही. व्हिनाइल तबकड्या असतील तर उन्हाळ्यात उभ्या ठेवा, गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत नको, त्या वाकतात. आणि कूलरच्या झोतातही नको, कागदी कव्हरांना बुरशी धरते.

जुनं रेकॉर्डिंग विकत घेताना किंवा ऑनलाइन निवडताना कोणी साफ केलेलं आहे ते बघावं. खरखर आणि झांजेची सळसळ सुरांच्या एकाच पट्टीत राहतात. खरखर पूर्ण काढायला गेलं की झांज, क्लॅरिनेटचा श्वास, खोलीचा आवाज सगळं जातं आणि उरतो तो पाण्याखालचा बँड. थोडी खरखर ठेवलेली आवृत्ती जवळजवळ नेहमी चांगली असते, पाच मिनिटांत कान तिला विसरतो. नवी रेकॉर्डिंगंही निर्दोष असतात असं नाही. ‘काइंड ऑफ ब्लू’च्या पहिल्या बाजूवरचं वादन मूळ तबकड्यांवर किंचित चढ्या सुरात होतं, कारण बैठकीच्या वेळी टेपचं यंत्र जरा हळू फिरत होतं. १९९० च्या दशकात ते दुरुस्त झालं. तीस-पस्तीस वर्षं जगानं तो अल्बम चढ्या सुरात ऐकला आणि त्याच्यावर प्रेम केलं.

राहिला तो जॅझ ज्यापाशी आधुनिकांची बाजू घेणारेही थबकतात. डिसेंबर १९६० मध्ये सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमननं ‘फ्री जॅझ’ ध्वनिमुद्रित केला. आठ वादक, दोन चौकड्या, एक डाव्या स्पीकरमध्ये आणि एक उजव्या. ठरलेली स्वरसंगती नाही, सुमारे ३७ मिनिटं सलग वादन. जुन्याच्या चाहत्यांना याची चीड येते. पण ऐकताना लक्षात येतं, की इथे सगळे पुन्हा एकत्र वाजवत आहेत, एकमेकांना ऐकत, वेगवेगळे धागे एकाच वेळी सोडत. आर्मस्ट्राँगच्या सोलोनं जे सामूहिक वादन मागे पडलं होतं, ते पस्तीस वर्षांनी सगळ्यात नव्या जॅझमध्ये परत आलं. उजवीकडच्या चौकडीतला ड्रमवादक एड ब्लॅकवेल तर न्यू ऑर्लिन्सचाच. काकांना हे ऐकवायचं ठरवलंय. हेडफोन लावून आधी फक्त डावा कान, मग फक्त उजवा, आणि तिसऱ्यांदा दोन्ही.